निकालपत्रकावरची खाडाखोड



आफ्रिकेत पन्नासहून अधिक देश आहेत, पण लोकशाहीचा विषय निघाला की आपण साऱ्यांना एकाच दावणीला बांधतो. माली, बुर्किना फासो, नायजर इथं २०२० नंतर लष्करानं सत्ता बळकावली, हे खरं. पण कॅमेरूनमध्ये निवडणुका होत राहतात आणि पॉल बिया १९८२ पासून राष्ट्राध्यक्षपदी कायम आहेत. म्हणजे निवडणूक होते एवढ्यावरून कुठल्याही देशाची पारख होत नाही.

मला मलावीबद्दल सांगायचं आहे. गरीब, शेतीवर जगणारा देश. २०१९ च्या निवडणुकीत तिथल्या निकालपत्रकांवर चक्क व्हाइटनर लावून आकडे बदललेले आढळले. लोक महिनोन्‌महिने रस्त्यावर उतरले. खटला पाच न्यायाधीशांपुढे चालला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये निकालाच्या दिवशी हे न्यायाधीश बुलेटप्रूफ जॅकेट घालून, लष्कराच्या बंदोबस्तात न्यायालयात आले. त्यांनी ती निवडणूक रद्द ठरवली. अशा दिवशी खुर्चीवर बसून सत्तेवरच्या राष्ट्राध्यक्षाविरुद्ध निकाल वाचायला किती धैर्य लागलं असेल! जूनमध्ये फेरनिवडणूक झाली, विरोधी पक्षाचे लाझारस चकवेरा जिंकले. पुढे महागाईनं आणि इंधनटंचाईनं लोक मेटाकुटीला आले. २०२५ मध्ये चकवेरा हरले, त्यांनी पराभव मान्य केला, आणि ज्यांची निवड रद्द झाली होती ते पीटर मुथारिका मतांच्या जोरावर परत आले.

अशी खाडाखोड होऊ नये याची काळजी घानानं आधीपासून घेतली आहे. तिथं मतं मतदान केंद्रावरच, जमलेल्या लोकांदेखत मोजतात आणि निकालपत्रकाची प्रत पक्षांच्या प्रतिनिधींच्या हाती पडते. त्यामुळे वरच्या कार्यालयात आकडा फिरवला तर लगेच उघडं पडतं. २००८ च्या निवडणुकीत तिथं जेमतेम ४० हजार मतांनी सत्तापालट झाला, तरी लष्कर बराकीतच राहिलं. बोट्सवानातही सत्ता अशीच शांततेनं बदलली: १९६६ पासून सत्तेवर असलेला पक्ष २०२४ मध्ये हरला आणि राष्ट्राध्यक्षांनी मोजणी पुरी होण्याआधीच हार कबूल केली.

यापुढे आफ्रिकेतल्या एखाद्या निवडणुकीची बातमी ऐकाल, तेव्हा कोण जिंकलं एवढ्यावर थांबू नका. मोजणी कुणाच्या डोळ्यांदेखत झाली आणि वाद न्यायालयात गेला तर न्यायाधीशांना निर्भयपणे निकाल देता आला का, हेही जरूर विचारा.