शेणाचा दगड

आज कर्जाच्या हप्त्यांचं नाही, शेणाचं बोलायचं आहे. शेण आपण रोजच काढतो, सडा घालतो, गोवऱ्या थापतो. पण मी सांगते ते शेण साडेसहा कोटी वर्षांहून जुनं आहे. त्याचा पार दगड झाला आहे.

चंद्रपूर जिल्ह्यात, वरोरा तालुक्यात पिसदुरा गाव आहे. तिथे डायनासोरची हाडं सापडली, कासवांचे अवशेष सापडले. एका जुन्या सापाचे मणके मिळाले, त्याच्या शास्त्रीय नावातच गाव आहे: मडत्सोइया पिसदुरेन्सिस. आणि मिळाले शेणाचे गोळे. चिखलात गाडलं गेलेलं शेण, हळूहळू खनिजं मुरून दगड झालेलं. चार्ल्स मॅटली या इंग्रज शास्त्रज्ञाने १९३९ सालीच त्यावर लिहिलं होतं.

पुढे लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद यांनी सहकाऱ्यांसोबत ते तपासलं. बाईनेच शेणात हात घातला म्हणा ना! निंदताना धानाचं पातं हाताला कापतं की नाही? गवताच्या पात्यात सिलिकाचे, म्हणजे वाळूतल्याच पदार्थाचे, बारीक कण असतात. पातं पचलं, कुजलं तरी ते कण उरतात, आणि गवत बदललं की कणांचा आकार बदलतो. या शेणात निदान पाच प्रकारच्या गवतांचे कण निघाले. २००५ साली हे छापून आलं. तोवर समज असा होता की डायनासोरच्या काळात गवत जवळजवळ नव्हतंच. २०११ मध्ये त्याच शेणात धानाच्या कुळातलं गवतही ओळखलं गेलं. त्या अभ्यासात नागपूर विद्यापीठाच्या बंदना सामंत होत्या. ते आजचं धान नव्हे, त्याच्या गोतातलं गवत. पण आपण ज्याची रोवणी करतो त्याचं गोत माणसाच्या कितीतरी आधीचं, आणि ते कळलं आपल्याच शेजारच्या मातीतून.

मध्यंतरी एका गावी बैठकीला गेले, तर एका मावशींनी असाच जड गोळा दाराला टेकू लावलेला. नातवाने वावरातून आणलेला. शेणाचा की साधा, मला काय कळणार? पण कुठल्या धुऱ्याजवळचा, तेही नातवाला आठवेना. मला त्याचं वाईट वाटलं. दगड कोणत्या थरातला ते हरवलं की अभ्यास करणाऱ्याला अर्धीच गोष्ट मिळते.

म्हणून विहीर खणताना, वावर सपाट करताना हाडासारखा किंवा अंड्यासारखा दगड दिसला तर फोडू नका, हलवू नका. कोणी पैसे देतो म्हटलं तरी देऊ नका. शेजारी काडेपेटी ठेवून मोबाइलवर फोटो काढा, म्हणजे आकार कळतो. तलाठ्याला सांगा. नागपुरात सेमिनरी हिल्सला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं कार्यालय आहे, तिथे कळवा. आणि तारीख, गट नंबर बचत गटाच्या वहीत लिहून ठेवा. आपल्या सचिवबाईंचं अक्षर तसंही चांगलं असतं.