आधी नकाशा फिरवा

होकायंत्राला उर्दूत ‘कुतुबनुमा’ म्हणतात. कुतुब म्हणजे ध्रुव, आणि तो दाखवणारा तो कुतुबनुमा. मराठीतल्या ‘होका’ या शब्दात मात्र मला ‘होकार’ ऐकू येतो. व्युत्पत्तीशी त्याचा काही संबंध नाही, हा निव्वळ कवीचा कान. पण डिसेंबरातल्या एका सकाळी हे यंत्र हाती घेऊन खारघरच्या डोंगरावर तरुण मुलांबरोबर हिंडलो, तेव्हा तो शब्द मला अधिकच आवडू लागला.

खेळाचे नाव ओरिएंटीअरिंग. त्याची पहिली जाहीर स्पर्धा नॉर्वेत १८९७ साली झाली. पुढे १९१९ मध्ये मेजर अर्न्स्ट किलांडर यांनी स्टॉकहोमजवळ मोठी स्पर्धा भरवली आणि खेळ लोकप्रिय झाला. नकाशावर क्रमांक घातलेली वर्तुळे असतात आणि प्रत्यक्ष त्या त्या जागी केशरी-पांढरे निशाण. ती क्रमाने गाठायची. वाट कोणी आखून देत नाही, ज्याची त्याने निवडायची.

आपल्याकडे याला थंडीच बरी. पावसाळ्यात ढग उतरले की समोरचा माणूस दिसत नाही आणि उन्हाळ्यात कातळ भाजून काढतो. डिसेंबरात गवत वाळून पिवळे झालेले असते आणि त्यातून डोंगराची खरी घडण दिसू लागते. नकाशावरच्या तपकिरी समोच्चरेषा जवळजवळ आल्या की चढ उभा, दूर गेल्या की सपाटी. मुले हे झटकन शिकतात. ‘काका, आपण या दोन ओहोळांच्या मधे आहोत ना?’ असे विचारत ती पुढे पळत होती.

मला लहानपणापासून एकच दिशा पक्की ठाऊक. मुंबईच्या परिसरातून काबा पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकून. उत्तरेपासून मोजले तर सुमारे २८० अंशांवर. ती दिशा वारशाने मिळाली. बाकीच्या मात्र माझ्या मलाच शिकाव्या लागल्या.

डोंगरावर फणसवाडी आणि चाफेवाडी हे आदिवासी पाडे आहेत. एका आजींनी आम्हाला थांबवून विचारले, ‘काय हरवलं, दादा?’ म्हटले, ‘काही नाही आजी, निशाण शोधतोय.’ त्या हसल्या. त्यांना ना नकाशा लागतो, ना सुई. कुठली पायवाट कुठल्या पाण्याला जाते, हे त्यांच्या पायांना माहीत. खाली सेक्टरचे आकडे विचारत घर शोधणारे आपण, आणि वर त्या.

या खेळाचा पहिला धडा असा: नकाशा सरळ हातात धरून वाचायचा नाही. आधी तो फिरवायचा. त्यावरची उत्तर आणि सुईची उत्तर एका रेषेत आली, की मग वाचायचा. जमीन आपल्यासाठी फिरत नाही.

हे ऐकताना मला वेगळेच आठवत होते. मराठीत कविता लिहितो म्हटले की मला हमखास विचारतात, ‘तुम्ही मूळचे कुठले?’ इथलाच, म्हटले तर पुढचा प्रश्न येतो, ‘मग मराठी इतकं चांगलं कसं?’ विचारणारा वाईट नसतो. त्याच्या मनातल्या नकाशात माझी जागा दुसरीकडे छापलेली असते, एवढेच. पण त्यासाठी मी माझी जागा सोडून कुठे जाऊ? नकाशा त्यानेच फिरवायला हवा.

शिवाय नकाशे जुने होतात. नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला. २०२५ साली तिथून विमानेही उडू लागली. जुन्या नकाशात ती टेकडी अजून उभी आहे. तो नकाशा खोटा म्हणता येणार नाही, पण त्याच्या भरवशावर आज चालताही येणार नाही.

या थंडीत मुलांना घेऊन एकदा जाऊन पाहा. मोबाईल खिशात राहू द्या. आपण कुठे उभे आहोत हे त्यांना आधी ओळखू द्या. कुठे जायचे ते मग ठरवता येईल. आणि वाटेत कोणी भेटले, तर त्यांनाही विचारा. त्यांना ती जमीन आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असते.