मास्तरांची नवी पाटी



वसंत व्याख्यानमालेची परंपरा न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केली, हे आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. शाळा सोडून बरीच वर्षे लोटलेल्या माणसांनी संध्याकाळी एकत्र बसावे आणि काही नवे ऐकून घरी जावे, एवढाच तिचा साधा हेतू. म्हणजे या मांडवात बसलेले आपण सारे एका अर्थी प्रौढ विद्यार्थीच आहोत. म्हणूनच आजचा विषय आपल्यापुढे मांडण्याचा आम्हांस धीर होतो. वर्गात आलेली नवी डिजिटल साधने, आणि ती शिकताना शिक्षकाचे काय होते, हा तो विषय. साधनांविषयी बोलणारे पुष्कळ आहेत; त्या साधनांपुढे गोंधळून उभ्या राहिलेल्या मास्तरांविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही.

आम्ही कसाऱ्याच्या आसपासच्या पाड्यांवर शिकवून केस पांढरे केलेले शिक्षक. खडू, फळा, पाटी आणि पाढे, एवढ्या भांडवलावर आमचा संसार चालला. शाळेत पहिला संगणक आला तेव्हा आम्ही त्याला हार घातला, नारळ फोडला, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यावर धुतलेले फडके घालून ठेवले. कोणी विचारले तर कारणे तयार होती. वीज टिकत नाही, डोंगराच्या आडोशाला रेंज मिळत नाही, पावसाळ्यात भिंतींना ओल येते. ही कारणे खोटी होती असे नाही. परंतु खरे कारण निराळे होते. ते कारण म्हणजे लाज. ज्या वर्गात इतकी वर्षे प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी असे, त्याच वर्गात मुलांदेखत आमचा हात अडखळावा, ही कल्पनाच आम्हांस सोसत नव्हती. यंत्राचे भय आम्हांस फारसे नव्हते. अज्ञान उघडे पडण्याचे होते.

पुढे प्रश्नपत्रिका मराठीत टंकित करून देण्याचा दिवस उजाडला आणि फडके काढावेच लागले. देवनागरीसाठी इन्स्क्रिप्ट नावाची कळफलकाची एक रचना आहे. पहिले काही दिवस ती आम्हांस जंतरमंतर वाटली. क सापडला तर ख कोठे दिसेना. जोडाक्षर लिहावयास बसलो की दोन सुटी अक्षरे शेजारी शेजारी उभी राहत. हे सारे चौथीतील एक मुलगी दाराशी उभी राहून पाहत होती. तिने कोठून शिकून घेतले होते देव जाणे. ती हळूच म्हणाली, ‘‘गुरुजी, ते शिफ्ट दाबून ठेवा, आणि मग क दाबा.’’ आम्ही दाबले. पडद्यावर ख उमटला. मुलगी हसली, आणि खरे सांगतो, आम्हीही हसलो. लाज म्हणून जी काय होती ती त्या हसण्यात निघून गेली.

त्या दिवसानंतर आम्ही त्या कळफलकाकडे नीट पाहू लागलो, आणि ध्यानात आले की यात परके असे काहीच नाही. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक उजव्या हाताला. क ची कळ शिफ्टसह दाबली की ख, ग ची दाबली की घ, त ची दाबली की थ, प ची दाबली की फ. म्हणजे अल्पप्राण आणि महाप्राण यांची जी जोडी आम्ही व्याकरणात शिकवत आलो, तीच येथे एकेका कळीवर नांदत होती. आणखी एक गंमत पाहा. ‘कि’ हे अक्षर छापील पानावर पाहिले तर वेलांटी क च्या आधी दिसते. टंकताना मात्र आधी क आणि मग वेलांटी असा क्रम आहे, कारण उच्चारात स्वर मागाहून येतो. पहिलीतील मूल ‘कि’ लिहिताना वेलांटी नेमकी कोठे काढावी म्हणून का अडते, हे इतकी वर्षे शिकवूनही आम्हांस असे स्वच्छ कळले नव्हते. ते स्वतः चुकत चुकत टंकताना कळले.

श्रोतेहो, आमच्या मते नव्या साधनाची पहिली कमाई ही. ते शिक्षकाला पुन्हा विद्यार्थी करते. आमच्या वर्गात ठाकर, कातकरी, वारली अशा घरांतील मुले येत. घरी बोलतात ती बोली निराळी, पुस्तकातील मराठी निराळी. असे मूल पहिल्या दिवशी पुस्तक उघडून गप्प बसते तेव्हा आम्ही त्याला पूर्वी ‘मंद’ म्हणून मोकळे होत असू. कळफलकापुढे आम्ही स्वतः तसेच गप्प बसलो, तेव्हा त्या मौनाचा अर्थ आम्हांस उमगला. ते मूल मंद नव्हते. कोणती कळ दाबावी हे त्याला कोणी सांगितले नव्हते, एवढेच.

या तालुक्याला अशा गोष्टींचा अभिमान बाळगण्याचा हक्क आहे. आपल्या शहापूर तालुक्यातील पष्टेपाडा येथील जिल्हा परिषदेची छोटी शाळा गेल्या दशकात डिजिटल शाळा म्हणून महाराष्ट्रभर गाजली. तेथील शिक्षक संदीप गुंड यांनी ग्रामस्थांच्या साहाय्याने ती उभी केली, आणि पुढे ठिकठिकाणचे शिक्षक ती पाहावयास आले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानांवर क्यूआर कोड आणला. पुढे बालभारतीच्या पुस्तकांवरही तो छापला जाऊ लागला. २०२० साली त्यांना दहा लाख डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले, आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून दिली. या दोन्ही ठिकाणी सुरुवात लहान गावातील शाळेतून झाली, आणि ती मोठमोठ्या तंत्रज्ञांनी केलेली नाही. आपली मुले कोठे अडतात हे ज्याला ठाऊक होते अशा शिक्षकाने ती केली.

तो काळ्यापांढऱ्या चौकटींचा क्यूआर कोड आपण दुकानात रोज पाहता. १९९४ साली जपानमध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तो निघाला. त्याच्या तीन कोपऱ्यांत तीन मोठे चौकोन असतात. पान उलटे धरले तरी वर कोणते आणि खाली कोणते हे त्यांवरून यंत्राला कळते. काही भाग मळला वा फाटला तरी उरलेल्यावरून मजकूर जुळवता यावा अशी सोयही त्यात केलेली आहे. हे आम्ही वर्गात सांगितले तेव्हा एका मुलाने विचारले, ‘‘गुरुजी, मग पुस्तक फाटलं तरी चालंल?’’ आम्ही म्हणालो, ‘‘कोड थोडा फाटला तर चालेल, धडा फाटला तर नाही.’’

येथवर ऐकून आपणांस वाटेल की मास्तर शिकले आणि सारे सुरळीत झाले. तसे झाले नाही. आमच्या हातून झालेली चूक सांगितल्यावाचून हे व्याख्यान प्रामाणिक ठरणार नाही.

२०२० च्या मार्च महिन्यात करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या. आता आमच्या नव्या विद्येचा खरा उपयोग, असे आम्हांस वाटले. रोज सकाळी आम्ही धडे तयार करून फोनवरून पाठवू लागलो. चित्रे, आवाज, गणिते, सारे काही त्यात असे. वहीत रोज नोंद करीत असू : ‘पाठ पाठविला.’ नोंदींची पाने भरत गेली, आणि आम्ही स्वतःवर खूश होतो. पावसाळा लागल्यावर एके दिवशी चिखल तुडवीत आम्ही एका पाड्यावर गेलो. आम्हांस ख शिकविणाऱ्या त्या मुलीची धाकटी बहीण तेव्हा आमच्या वर्गात होती. ती ओटीवर बसून भावंडाला खेळवीत होती. आम्ही विचारले, ‘‘कालचा धडा पाहिलास का?’’ ती काही बोलली नाही. तिची आई म्हणाली, ‘‘गुरुजी, फोन हिच्या बापाच्या खिशात, आणि बाप कामावर. पोर धडा कशात बघणार?’’

आम्ही निरुत्तर झालो. इतके दिवस आम्ही धडे ‘पाठविले’ होते. ते पोचले की नाही हे पाहिले नव्हते. फळ्यापुढे उभे असताना असे कधी झाले नसते, कारण शेवटच्या रांगेतील डोळे समोर दिसत. पडद्याने ते डोळे आमच्यापासून झाकले, आणि ते झाकले गेल्याचे आमच्या ध्यानातही आले नाही. ही चूक साधनाची नव्हे, आमचीच.

त्यानंतर आम्ही रीत बदलली. जेथे रेंज मिळे तेथे बसून धडे फोनवर उतरवून घ्यावे, आणि मग पाड्यावर जाऊन आंब्याखाली चार-पाच मुलांना अंतराने बसवून ते दाखवावे, असे सुरू केले. फोन तोच होता, धडेही तेच होते. फरक इतकाच की आता आम्ही त्यांच्याबरोबर चालत जात होतो.

शेजारच्या मुरबाड तालुक्यातील फांगणे गावाची आजीबाईंची शाळा आपण ऐकली असेल. ८ मार्च २०१६ रोजी, महिलादिनी, शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने ती सुरू झाली. साठी ओलांडलेल्या बाया गुलाबी साडी नेसून, दप्तर घेऊन शाळेत येऊ लागल्या आणि पाटीवर अक्षरे गिरवू लागल्या. जिने आयुष्यभर अंगठा उठविला, तिने सत्तराव्या वर्षी नातवंडांदेखत ग गिरवावा, यास केवढे धैर्य लागत असेल! आम्हां पगारदार, पदवीधर मास्तरांना एका कळीची लाज वाटावी आणि त्या माउल्यांना पाटीची वाटू नये, हा विचार आम्हांस पुष्कळ दिवस टोचत राहिला. नवे शिकण्याची हिंमत वयावर वा पदवीवर अवलंबून नसते, हे त्या आज्यांकडून शिकावे.

आज तर प्रश्न विचारताच मराठीत निबंध लिहून देणारी यंत्रे निघाली आहेत. मुले ती वापरणार, आणि मास्तरांनाही ती शिकावी लागतील. तेथेही आमचे मागणे एवढेच की शिक्षकाने ती मुलांदेखत शिकावी, चुकावे, आणि चुकलो असे मोकळेपणे म्हणावे. यंत्राने दिलेले उत्तर बरोबर की चूक, हे तपासताना मूल जर आपल्या गुरुजींना पाहील, तर तपासणे म्हणजे काय ते त्याला कळेल. उत्तर आयते देणारे पुष्कळ मिळतील. ‘तुला हे कसे कळले?’ असे विचारणारा मात्र वर्गात हवा.

कसाऱ्याच्या माणसांपुढे शेवटी आगगाडीचीच गोष्ट सांगितली पाहिजे. १८६५ साली हा घाट रेल्वेला खुला झाला. सदतीस फुटांस एक फूट असा येथील चढ आहे. म्हणून नाशिककडे जाणाऱ्या बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्यांना येथे मागून इंजिने जोडतात, आणि इगतपुरीला ती सोडून देतात. ही इंजिने जोडताना आपण लहानपणापासून पाहत आलो. ती गाडीच्या कोठे लागतात? शेवटच्या डब्याला. त्यांचा जोर पहिल्याने त्या डब्याला पोचतो, आणि तेथून पुढे सरकतो.

नवी साधने आम्हांस या मागच्या इंजिनांसारखी वाटतात. त्यांना नाकारून घाट चढता येणार नाही. परंतु ती पुढच्या डब्यात बसलेल्यांच्या करमणुकीसाठी नाहीत. ज्या मुलाचा फोन बापाच्या खिशात आहे, त्या शेवटच्या डब्याला ती जोडली गेली तरच गाडी वर जाईल. ते जोडण्याचे काम मास्तरांचे. आणि त्यासाठी मास्तरांना पुन्हा एकदा पाटी घेऊन मुलांच्या शेजारी बसावे लागणार असेल, तर आम्ही बसावयास तयार आहोत.