औषधाचा पहिला पंधरवडा

खिन्नतेवरील औषधे माणसाच्या हाती आली ती काहीशी योगायोगानेच. १९५२ साली न्यूयॉर्कमधील सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड देण्यात आले, तेव्हा खंगलेली माणसे एकाएकी उल्हसित झाल्याचे आढळले. १९५७ साली स्वित्झर्लंडचे रोलांड कून यांनी इमिप्रॅमिनचा गुण प्रसिद्ध केला. त्या गोळ्यांनी तोंड कोरडे पडे, मलावरोध होई, उठताना घेरी येई. आजच्या गोळ्या त्या मानाने सौम्य आहेत. निरुपद्रवी मात्र नव्हेत.

अडचण अशी की, उपद्रव आधी येतो आणि गुण मागाहून. मळमळ, डोकेदुखी पहिल्या आठवड्यातच सुरू होते. मन हलके होण्यास दोन ते सहा आठवडे लागतात. मळमळीचे मूळ पुष्कळसे पोटातच आहे. ही औषधे ज्या सेरोटोनिनवर काम करतात, त्यातील सुमारे नव्वद टक्के आतड्यांत असते. म्हणून गोळी जेवणानंतर घेतल्यास त्रास उणावतो, आणि बहुधा पंधरवड्यात ओसरतो.

गुरुग्रामात या पंधरवड्याला आणखी एक पीळ पडतो. तेथील कचेऱ्यांतून पुष्कळ तरुण अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणे रात्रभर काम करतात; त्यांत पुण्या-नागपुराकडून गेलेले मराठीही आलेच. ‘सकाळी एक गोळी’ ही सूचना पाळून असा मनुष्य कामावरून परतल्यावर, निजण्यापूर्वी ती घेतो. आणि ती फ्लुओक्सेटिनसारखी झोप उडवणारी असेल, तर दिवसभर टक्क जागा राहतो. आपली सकाळ सायंकाळी उजाडते, हे त्याने डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. मिर्टाझापिनसारखी गुंगी आणणारी गोळी घेऊन द्रुतगती मार्गावर मोटार हाकणे, हे तर निव्वळ साहस!

कामेच्छा मंदावणे हा उपद्रव मात्र सहसा आपोआप जात नाही, आणि त्याविषयी कोणी बोलतही नाही. संकोचापोटी माणसे गोळ्याच एकाएकी टाकून देतात. मग चक्कर, चिडचिड, डोक्यातून विजेचा झटका गेल्यासारखी संवेदना. आणि जुने दुखणेच उलटले असा समज. वस्तुतः मात्रा कमी करणे, औषध बदलणे, हे उपाय डॉक्टरांपाशी असतात. औषध बंद करावयाचे झाले तरी ते पायरीपायरीने.

दोन गोष्टी मात्र सोसत बसावयाच्या नसतात. पंचविशीच्या आतील रुग्णास औषध सुरू होताच बेचैनी वाढून मरणाचे विचार येऊ लागले, अथवा वृद्धास रक्तातील सोडियम घटून भ्रम पडू लागला, तर पुढील भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. २०२२ साली सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र, विनामूल्य चालतो. त्यावर मराठीतूनही बोलता येते.