यंत्रांचा दुभाषी

सौंसरच्या बाजारात मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषा चालतात. एकाचे म्हणणे दुसऱ्याच्या भाषेत सांगणाऱ्या माणसाचे मोल तेथे कोणास सांगावे लागत नाही. यंत्रांच्या जगातही असा एक दुभाषी आहे. त्याचे नाव यूएसबी अडॅप्टर.

सौंसर-पांढुर्णा हा संत्र्यांचा मुलूख. पाणी तोडून झाडांना ताण द्यावयाचा आणि योग्य वेळी पुन्हा पाणी सोडावयाचे, यावर तेथील बहाराचे यश पुष्कळसे अवलंबून असते. समजा, एखाद्या बागेत जमिनीच्या ओलाव्याची नोंद ठेवणारी पेटी बसविली आहे आणि ऐन वेळी तिचा पडदा काळा पडला. तरीही आतल्या स्मृतीच्या चिपमध्ये मोसमभराच्या नोंदी शाबूत असू शकतात. प्रश्न उरतो तो त्या वाचण्याचा.

पेटीतील भागांची बोली यूएसबीहून वेगळी असते. सारेच एकामागून एक बिट पाठवितात, पण प्रत्येकाची रीत निराळी. यूआर्टमध्ये कालदर्शक तार नसते. म्हणून वेग आधीच ठरवावा लागतो. सेकंदास ९६०० बिट हा वेग घेतला आणि प्रत्येक आठ बिटी अक्षरास आरंभाचा व शेवटाचा एकेक बिट जोडला, तर सेकंदास ९६० अक्षरे जातात. फिलिप्स कंपनीने १९८२ साली आणलेल्या आय-टू-सी पद्धतीत दोनच तारांवर अनेक उपकरणे नांदतात. प्रत्येकास त्याच्या पत्त्याने हाक मारावयाची. एसपीआयचा वेग अधिक, पण तेथे सामान्यतः प्रत्येक उपकरणास निवडीची स्वतंत्र तार लागते. स्मृतीच्या चिप पुष्कळदा हीच रीत पाळतात. ग्लासगोच्या एफटीडीआय कंपनीची एफटी२३२एच ही एकच चिप या तिन्ही रीती जाणते.

तथापि दुभाषी केवळ शब्द पोहोचवितो. अर्थ माणसानेच लावावयाचा असतो. म्हणून तारा जोडण्यापूर्वी माहितीपत्रक वाचावे. ३.३ व्होल्टच्या चिपला ५ व्होल्ट दिल्यास नोंदींसकट ती जळू शकते. दोन्ही बाजूंची ग्राउंड तार एक करावी. पेटीचा स्वतःचा नियंत्रक त्याच तारांवर बोलत असेल, तर त्यास आधी गप्प करावे. प्रथम नुसते वाचावे, प्रत काढून ठेवावी. चिपवर काही लिहावयाचे ते मागाहून.

एवढी काळजी घेतली, की मुकी झालेली पेटी बोलू लागते. पुढील ताण केव्हा तोडावा, हे ठरविताना बागाइतदाराच्या हाती मग त्याच्याच जमिनीची साक्ष असते.