शरीर घडते कोठे?

(राजूर, ता. अकोले येथे तरुणांसमोर केलेले भाषण)



आज पहाटे एस.टी.तून उतरलो तेव्हा धुक्यात तुमच्यापैकी काही मुले-मुली रस्त्याने धावत होती. पोलीस भरतीची तयारी! मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००, आणि एकेका सेकंदासाठी जिवाचा आटापिटा. मागाहून एका घरी चहा घेत असता फळीवर प्रथिनांच्या पावडरीचा मोठा डबा दिसला. भरतीला उतरणाऱ्या थोरल्या मुलाचा. त्याची किंमत ऐकून मी गप्प झालो.

शरीराचे सतत मोजमाप घ्यावे, आहार, झोप, उपवास, औषधे यांत फेरफार करून त्याची क्षमता वाढवावी, या खटाटोपाला हल्ली बायोहॅकिंग असे नाव मिळाले आहे. ब्रायन जॉन्सन हा अमेरिकन उद्योजक वार्धक्य लांबविण्यासाठी वर्षाला सुमारे वीस लाख डॉलर खर्च करतो, असे २०२३ साली जगभर छापून आले. या हौसेची मी टिंगल करणार नाही. स्वतःच्या देहावर प्रयोग करण्याची परंपरा आपल्याकडेही आहे. गांधीजींनी आयुष्यभर आहाराचे प्रयोग केले. दूध सोडण्याचे व्रत घेतले, आणि आजारपणात शेळीचे दूध घ्यावे लागले तेव्हा ती हारही स्वतःच लिहून ठेवली. डबे विकणारे आपल्या फसलेल्या प्रयोगांची हकिगत छापत नाहीत, एवढाच काय तो फरक.

माझा आक्षेप निराळा आहे. त्या डब्यात असते काय? बहुधा दुधाचे चीज करताना जे पाणी उरते, त्यातील प्रथिनांची वाळवलेली भुकटी. म्हणजे ज्या घरातून रोज दूध डेअरीला जाते, त्याच घरात दुधाचाच अंश कितीतरी चढ्या भावाने परत येतो. आणि या देवघेवीत घरच्या गरोदर सुनेच्या वाट्याला काय येते?

हा प्रश्न केवळ कळवळ्याचा नाही, शास्त्राचाही आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास आरंभिला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बालकांचे ३.५. परंतु खरा धक्का पुढेच होता. आपले बाळ किरकोळ असूनही त्याच्या कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. घटले होते ते स्नायू. पुढील आयुष्यात मधुमेहाचा धोका वाढविणारी ही ठेवण आहे. आणि ज्या माता हिरव्या पालेभाज्या, फळे, दूध अधिक खात, त्यांची बाळे आकाराने मोठी आढळली. सरावाने शरीर घडते, यात शंका नाही. तथापि विसाव्या वर्षी जो स्नायू आपण भुकटीने कमावू पाहतो, त्याचा पाया काही अंशी आईच्या ताटात घातला गेलेला असतो.

तुमच्याच तालुक्यात, कोंभाळण्याला, राहीबाई पोपेरे राहतात. शाळा त्यांनी पाहिली नाही. नातवंड आजारी पडले तेव्हा त्यांचा संशय फवारलेल्या भाजीपाल्यावर गेला आणि त्यांनी गावठी वाणांचे बियाणे राखायला घेतले. पुढे त्यांना पद्मश्री मिळाली, ती २०२० ची. हाही आहाराचाच प्रयोग. मात्र त्यांनी बियाणे इतर बायाबापड्यांना दिले, म्हणून तो एका देहापुरता उरला नाही. कुरडू, भारंगी, चाईचा मोहर यांची चव विसरलेल्या पिढीला हे सांगावे लागते, याचे मला थोडे वाईट वाटते.

आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीतून एक वेळचे पूर्ण, गरम जेवण मिळावे म्हणून राज्यात २०१५ साली अमृत आहार योजना सुरू झाली. ते जेवण कोणाची मेहेरबानी नव्हे. तुमच्या हाती घड्याळे आहेत, मोजण्याची शिस्त तुम्ही अंगी बाणविली आहे. सेकंदांचा हिशेब ठेवणाऱ्यांनी आपल्या वाडीतील बाळांच्या जन्मवजनाचा हिशेब का ठेवू नये? येत्या ग्रामसभेत नावे न घेता ते आकडे वाचून दाखवायला सांगा. आणि मागच्या महिन्यात गरम जेवण किती दिवस शिजले, तेही त्याच बैठकीत विचारा.