खेळाडूंचे स्थलांतर
(वार्षिक संमेलनातील भाषण)



संमेलनाच्या चिटणिसांनी आम्हांस 'तरुणांचे आजचे जग' हा विषय दिला होता. तो एवढा विस्तीर्ण आहे की त्यावर तासभर बोलूनही काहीच न बोलल्यासारखे होते. म्हणून त्यातील एक लहानसा कोपरा आम्ही निवडला आहे. अनेकांनी मिळून खेळावयाच्या ज्या संगणकीय खेळांत आज आपली मुले रमतात, त्यांत खेळाडूंना एका सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरवर हलविले जाते. ते कसे हलविले जाते आणि त्यात कोणाचे काय जाते, एवढेच आज सांगावयाचे आहे. विषय ऐकून पुढील रांगेतील काही वडीलधाऱ्यांच्या मुद्रेवर स्मित उमटलेले आम्हांस दिसत आहे. ते स्वाभाविकच आहे. मुलांनी खेळ किती वेळ खेळावा याविषयीची आमची स्वतःची मतेही पुष्कळ जुनाट आहेत. परंतु तो आजचा प्रश्न नव्हे. २०२० च्या सप्टेंबरात ज्यांच्या घरी मुलाने ताट दूर सारले, त्यांना तरी हा विषय पोरकट वाटणार नाही.

प्रथम सर्व्हर म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. शंभर मुले शंभर घरी बसून एकच खेळ खेळतात, तेव्हा कोण कोठे उभा आहे, कोणी गोळी झाडली, ती कोणास लागली, याचा निवाडा करणारे एक यंत्र दूर कोठेतरी असावे लागते. हा पंच, आणि हाच दप्तरदार. खेळाडूचे नाव, त्याची पायरी, त्याने मिळविलेली वा विकत घेतलेली चीजवस्तू यांची नोंद या व्यवस्थेच्या वहीत असते. मुलाच्या हातातील मोबाइलमध्ये त्यातील फारच थोडे असते. मोबाइल हा केवळ दरवाजा होय, घर अन्यत्र आहे, ही गोष्ट एकदा नीट ध्यानात घेतली म्हणजे पुढील सारे समजण्यास सोपे जाते.

हा पंच कोठे बसला आहे याला महत्त्व असते. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदास सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईहून सिंगापूर सुमारे चार हजार किलोमीटर. तेव्हा जाऊन येण्यातच सेकंदाचा निदान पंचविसावा भाग खर्ची पडतो, आणि वाटेतील यंत्रे व समुद्रतळाच्या तारेची वळणे धरली तर त्याहून बराच अधिक. नगरहून मुंबई अडीचशे किलोमीटरच्या आसपास. तेथील यंत्राशी संवाद त्या मानाने कितीतरी लवकर होतो. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्यासह आपल्या देशात अशी केंद्रे उघडली, अॅमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत उघडले, आणि खेळ चालविणाऱ्या कंपन्यांस भारतीय खेळाडूंना सिंगापुरातून उचलून जवळ आणणे शक्य झाले. शेवगावच्या मुलाने बटण दाबले आणि सिंगापूरच्या मुलाने त्याच क्षणी दाबले, तर पूर्वी शेवगावचा मुलगा मरत असे. त्यात त्याच्या कौशल्याचा दोष नव्हता.

आता प्रत्यक्ष हलविण्याची रीत. आपणांपैकी पुष्कळ जण घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात गेलेले आहेत. बैल एका दावणीचा सुटतो आणि दुसऱ्या दावणीस बांधला जातो; मध्ये पावती असते. पावती झाली नाही तर दोन संकटे उद्भवतात: एकच बैल दोघांना विकला जातो, किंवा जुना धनी म्हणतो 'मी दिला' आणि नवा म्हणतो 'मला मिळाला नाही'. खेळाडूच्या स्थलांतरात नेमकी हीच दोन संकटे आहेत. जुन्या सर्व्हरने नोंद पुसण्यापूर्वीच नव्याने ती लिहून घेतली आणि मध्येच वीज गेली, तर खेळाडूची तलवार दोन्हीकडे राहते. लबाड मुलांना हे ठाऊक असते, आणि तलवारी वाढविण्यासाठी ती मुद्दाम मध्येच तार तोडतात. उलट, आधी पुसले आणि मग लिहिता आले नाही, तर बिचारा दोन्हीकडून जातो. म्हणून चांगली व्यवस्था प्रथम जुन्या नोंदीला कुलूप लावते, नवीकडून पोच घेते, आणि मगच जुनी रद्द करते. हे काम ज्यांनी केले त्यांना आपल्याकडील कोणत्याही मुरलेल्या अडत्याने चटकन नोकरीस ठेवावे.

दुसरी एक रीत आम्हांस विशेष मनोरंजक वाटली. 'माइनक्राफ्ट' नावाच्या घरे बांधण्याच्या खेळात पूर्वी सर्व खेळाडू एका मधल्या वेशीतून आत येत, आणि ती वेसच त्यांना या वाडीतून त्या वाडीत सोडी. २०२४ च्या एप्रिलमध्ये त्या खेळात अशी सोय झाली की सर्व्हरने खेळाडूला सांगावे, 'तू आता अमक्या पत्त्यावर जा', आणि त्याच्याच खिशात एक चिठ्ठी द्यावी. शाळा सोडल्याचा दाखला मुलाच्याच हाती देतात, तसाच हा प्रकार. परंतु दाखला मुलाच्या हाती असतो, यातच त्याचा धोका आहे. सातवीच्या जागी आठवी लिहिण्यास किती वेळ लागतो? म्हणून नव्या सर्व्हरने चिठ्ठीवरील शिक्का तपासल्यावाचून तीवर विश्वास ठेवू नये, हे तेथील जाणत्यांस सांगावे लागते. शिवाय नव्या सर्व्हरने 'असे येणारे आम्ही घेऊ' हे आपल्या नियमांत आधी कबूल केलेले असावे लागते; न केल्यास दार बंदच राहते. ज्या गावाने माणसे घेण्याचे कबूल केलेले नाही, त्या गावी माणसे पाठवू नयेत, एवढे शहाणपण सरकारी पुनर्वसनात असते तर किती बरे झाले असते!

येथवर यंत्राची गोष्ट झाली. माणसांची अधिक अवघड आहे. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा खेळ २००४ साली अमेरिकेत सुरू झाला. त्याची अनेक जगे होती, आणि काही जगांत एवढी गर्दी होई की आत शिरण्यासाठी रांग लागे. कंपनीने गर्दीच्या जगांतून विरळ जगांत जाणाऱ्यांस कधी मोफत सवलत दिली. आपखुषीने जाणाऱ्यांकडून एरवी पैसे घेतले. तेथे गेल्यावर आढळे की आपले नाव नव्या जगात दुसऱ्या कोणी आधीच घेतलेले आहे. मग नाव बदला. बरोबर न्यावयाच्या सोन्यालाही मर्यादा, कारण एका जगाची तिजोरी दुसऱ्यात ओतली तर तेथील बाजारभाव कोसळतो. पण खरे दुखणे याहून निराळे होते. लोक एकटे खेळत नसत. त्यांची मंडळे होती. त्यातील दहा गेले, पंधरा राहिले, की मंडळ मोडले. रांग कमी झाली, हे खरे. पण ज्यांच्यासाठी रांगेत उभे राहावयाचे तेच निघून गेले होते. पुढे २०१३ मध्ये कंपनीने निराळा मार्ग धरला. माणसे हलविण्याऐवजी तिने दोन-दोन, तीन-तीन विरळ जगेच एकमेकांस जोडली, आणि प्रत्येकजण आपल्या घरीच राहिला.

राहुरी तालुक्यातील बंधूंना यावर अधिक सांगण्याची आवश्यकता नाही. मुळा धरणाच्या पाण्याखाली ज्यांची गावठाणे गेली, त्यांच्यापैकी वृद्ध मंडळी अजूनही जमिनीपेक्षा शेजाराची गोष्ट अधिक काढतात. जमीन मोजून देता येते. शेजार मोजून देण्याचे परिमाण कोणत्याही कचेरीत नाही. आणि आपल्या नगर शहरात तेलंगणातून जी विणकर कुटुंबे आली, ती एकमेकांच्या आधाराने आली, आळीच्या आळी वसवून राहिली, म्हणूनच टिकली. खेळातील स्थलांतर आणि हे स्थलांतर एका तोलाचे आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. भूक आणि खेळ यांची बरोबरी करणे असभ्यपणाचे ठरेल. मात्र माणसे मोडतात ती जागा दोन्हीकडे एकच आहे.

आता आपल्या मुलांची गोष्ट. २०२० च्या २ सप्टेंबरला केंद्र सरकारने ११८ अॅपवर बंदी घातली. त्यांत 'पबजी मोबाइल' होता. ऑक्टोबरच्या अखेरीस भारतीयांसाठी त्याचे सर्व्हर बंद झाले. बंदीची कारणे राष्ट्राच्या सुरक्षिततेची होती, आणि त्याविषयी आम्हांस येथे वाद घालावयाचा नाही. पुढे मूळ कोरियन कंपनी क्राफ्टन हिने 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' हा खेळ केवळ भारतासाठी काढला. २०२१ च्या जुलैमध्ये तो रीतसर सुरू झाला, आणि जुन्या खेळाडूंना आपली चीजवस्तू नव्या खेळात आणण्याची मुभा मिळाली. एका देशातील एवढा मोठा जनसमूह एका वहीतून दुसऱ्या वहीत जात होता.

परंतु ही मुभा सर्वांस सारखी नव्हती. ज्याचे जुने खाते फेसबुक वा ट्विटर अशा ओळखीशी जोडलेले होते, त्याला वाट सुलभ होती. 'पाहुणा' म्हणून खेळणाऱ्याची ओळख त्याच्या मोबाइलपुरतीच होती. आणि आपल्या खेड्यापाड्यांतील रीत आपण जाणताच. खाते उघडले थोरल्या चुलतभावाच्या फेसबुकवर, मोबाइल आईचा, त्यातील क्रमांक वडिलांनी मध्यंतरी बंद केलेला. आमच्या परिचयाच्या एका मुलाने दोन वर्षांत जे जमविले ते सारे अशा एका खात्यात होते, आणि तो चुलतभाऊ पुण्यास नोकरीला गेल्यावर परवलीचा शब्द विसरून बसला होता. मुलाने त्यात घरचे पैसे थोडे-थोडे करून घातलेले होते. ते किती, हे आम्ही विचारले तेव्हा त्याने आईकडे पाहिले. आम्ही पुन्हा विचारले नाही. त्या वर्षाच्या अखेरीस स्थलांतराची मुदत संपली. मुदत चालू असताना 'तुमचे खाते आणून देतो, ओटीपी सांगा' म्हणणारे भामटेही मोकळे फिरत होते, आणि ओटीपी मागणाऱ्यास तो देणारे आपल्यांतही निघाले. २०२२ च्या जुलैत नवा खेळही दुकानांतून काढला गेला. २०२३ च्या मेमध्ये तीन महिन्यांच्या अजमावणीवर तो परतला. अठरा वर्षांखालील मुलांना दिवसास तीन तासांची मर्यादा तेव्हा होती. हे आम्हांस पसंत पडले, हे नमूद करतो.

दुसरा एक खेळ, 'फ्री फायर'. स्वस्त मोबाइलवर चालतो म्हणून पाथर्डी, जामखेड, कर्जतकडे तोच अधिक. २०२२ च्या १४ फेब्रुवारीस त्यावरही बंदी आली. मात्र त्याच कंपनीचा 'फ्री फायर मॅक्स' चालू राहिला, आणि दोहोंचे खाते एकच असल्यामुळे चीजवस्तू न हलविताच खेळाडू पलीकडे गेले. यंत्राच्या दृष्टीने हे स्थलांतर निर्दोष म्हणावे असे होते. तथापि मॅक्सला अधिक ताकदीचा मोबाइल लागे. ज्याच्या घरी तो नव्हता, त्याचे खाते सुरक्षित राहिले आणि तो स्वतः बाहेर राहिला.

येथे कायद्याकडे वळणे भाग आहे. मोबाइलचा क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याचा हक्क आपणांस २०११ च्या जानेवारीपासून देशभर मिळाला. कंपन्यांनी तो आनंदाने दिला नाही. नियामकाने द्यावयास लावला. युरोपातील देशांत २०१८ च्या मेपासून माणसाला आपली माहिती एका कंपनीकडून घेऊन दुसरीकडे नेण्याचा हक्क आहे. आपल्याकडे २०१९ साली संसदेत मांडलेल्या विधेयकात असा हक्क होता. २०२३ मध्ये जो कायदा प्रत्यक्ष संमत झाला त्यात तो नाही. अठरा वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्यापूर्वी आईबापांची संमती घ्यावी, असे त्या कायद्यात आहे, आणि ते चांगलेच आहे. म्हणजे आत शिरताना आमची सही लागेल. बाहेर पडताना आपले गाठोडे घेऊन निघण्याचा हक्क मात्र कोठेही लिहिलेला नाही. ज्या कंपन्यांनी मुभा दिली ती त्यांनी आपल्या सोयीने दिली, आणि मुदतही आपल्या सोयीने ठरविली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांविरुद्ध कायदा केला, त्याचा पुष्कळांनी येथे उल्लेख केला. पण तो जुगाराविषयी आहे. आपण बोलत आहोत त्या गाठोड्याविषयी तो काही सांगत नाही.

हे गाठोडे म्हणजे चित्रातली तलवार आणि चित्रातला अंगरखा, त्याचा एवढा बाऊ कशास, असे कोणी म्हणेल. वहीतील आकडा हाही चित्रच असतो, बंधूंनो. पतसंस्थेत ज्यांची ठेव अडकली आहे त्यांना विचारावे.

आमच्या वसतिगृहाच्या व्यवस्थापकांना आम्ही एक विनंती केली आहे, आणि त्यांनी ती मान्य केली आहे. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी एका सायंकाळी प्रत्येक मुलाने आपल्या खात्यांची यादी करावयाची: खाते कोणाच्या नावाचे, कोणत्या क्रमांकाशी जोडलेले, त्यात घरचे किती पैसे गेले. परवलीचा शब्द लिहावयाचा नाही आणि कोणास सांगावयाचाही नाही. पैशाचा रकाना मुलाने घरी गेल्यावर आईसमोर बसून भरावयाचा आहे. यादीचे छापील कागद बाहेरच्या टेबलावर ठेवले आहेत. ज्या पालकांस हवे असतील त्यांनी जाताना घेऊन जावेत.